उताणी झोपणारी माणसं

रात्रभराची झोपेची तपासणी संपली होती आणि टँकरवाल्याच्या केसांत वाळलेला मलम ती कोमट पाण्याच्या बोळ्यानं सोडवत होती. डोक्यावरच्या तारा निघाल्या, हनुवटीखालची निघाली, डोळ्यांच्या कडेच्या दोन निघाल्या. नाकपुड्यांत अडकवलेली पारदर्शक नळी तिनं सगळ्यांत शेवटी काढली. नळीच्या खाली, वरच्या ओठावर, लालभडक चट्टा होता. बरोबर मिशीच्या जागी.

"हे काय झालं?"

"झोप मोजायच्या पट्टीनं," तो म्हणाला. "मिशी होती तिथं. बावीस वर्षांची. काढून टाकली."

"पट्टीसाठी?"

"मग काय करतो? रोज सकाळी मोबाईल सांगणार, पट्टी सुटली होती, नीट चिकटवा. एकदा नाही, रात्रीत चाळीस-पन्नास वेळा सुटली म्हणे. मिशीमुळं धरत नसेल म्हणून मिशी उडवली. तरी सुटते. वरून डॉक्टरी टेप मारली. तरी सुटते. आणि उठून बघावं तर जिथल्या तिथं. ओढून काढताना डोळ्यांत पाणी येतं."

त्याची बायको सकाळीच न्यायला आली होती आणि भिंतीकडेच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "श्वास थांबतो ह्यांचा," ती म्हणाली. "मी हलवते तेव्हा परत सुरू होतो. तर मलाच म्हणतात, तुला स्वप्नं पडतात. मोबाईलनं एक्याण्णव गुण दिलेत ना."

"शाळेत पस्तिसाच्या वर कधी गेलो नाही सिस्टर," टँकरवाला म्हणाला. "झोपेत एक्याण्णव."

"मी सिस्टर नाही. टेक्निशियन आहे," ती म्हणाली, पण हसली. बायको हसली नाही.

"रात्री थांबला ना श्वास? तुम्ही बघितलं असेल."

तिनं बोळा वाटीत टाकला. नियम सरळ आहे. टेक्निशियननं तारा लावायच्या, रात्र नोंदवायची, खुणा करायच्या आणि तोंड मिटून ठेवायचं. काय झालं ते डॉक्टर सांगणार. डॉक्टर परिषदेला गेले होते, सोमवारी येणार होते. आज गुरुवार होता आणि टँकर उद्या पहाटे निघणार होता. बत्तीस तासांचा रस्ता. मागं वीस हजार लिटर पेट्रोल.

"मोबाईल दाखवा बघू तुमचा," ती म्हणाली.

पट्टी बनवणाऱ्या कंपनीचं ॲप त्यानं उघडून दिलं. पहिल्या पानावर हिरव्या गोलात मोठा एक्याण्णव. खाली बारीक अक्षरांत यादी: पट्टी सुटली होती, एक वाजून बारा मिनिटं. पट्टी सुटली होती, एक चौदा. एक पंधरा. एक अठरा. काल रात्री लॅबमध्येही त्यानं ती नळीखाली कानापर्यंत टेप मारून लावली होती, कारण त्याच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा हुकूम होता की पट्टीचा एकही दिवस चुकायचा नाही. ट्रान्सपोर्ट कंपनी सुट्टी द्यायची की गाडी द्यायची, ते ह्या हिरव्या गोलावरून ठरवत होती.

तिनं स्वतःच्या पडद्यावर एक बाराचं पान काढलं. श्वासाची रेघ सपाट. शेजारच्या चौकोनात कॅमेऱ्याचं चित्र: माणूस उताणा, नळी नाकात, छाती धडपडतेय, हवा आत जात नाही. अठ्ठावीस सेकंद. एक चौदा: सपाट, उताणा, एकतीस सेकंद. एक पंधरा, एक अठरा: तेच. मग तो कुशीवर वळला होता आणि पुढचा पाऊण तास पट्टी एकदाही सुटली नव्हती. पुन्हा उताणा झाला, पुन्हा सुटू लागली.

तिचा हात माऊसवर तसाच राहिला. समोरच्याला वाटलं असेल बाई विचार करतायत. बाई विचार करत नव्हत्या. बाईंना आपलंच अक्षर ओळखू आलं होतं.

एका रात्रीची तीस-तीस सेकंदांची साडेनऊशे पानं होतात. प्रत्येक पान वाचून त्यावर खूण करायची: झोपेची पायरी कोणती, श्वास कसा, माणूस कुठल्या कुशीवर. लॅबमध्ये ह्याला स्कोअरिंग म्हणतात. ती नोकरीला लागली तेव्हा नाकातल्या नळ्या कडक यायच्या. माणूस पाठीवर आला की नळी टचकन बाहेर यायची आणि रेघ सपाट व्हायची. सपाट रेघेचे अर्थ दोनच, नळी निघाली किंवा श्वास थांबला. उताण्या माणसाच्या सपाट रेघेवर 'सुटली होती' असं लिहून पुढं जायला तिला शिकवणाऱ्यानंच शिकवलं होतं. पुढं मऊ नळ्या आल्या. त्या निघेनात. हात मात्र जुन्या वळणानंच चालत राहिला, चांगली तीन वर्षं. मग एका म्हातारीच्या रात्रीचं चित्रण तिनं सहज उघडून बघितलं, तर नळी जाग्यावर, रेघ सपाट, आणि म्हातारीची छाती बंद दाराला धडका द्यावी तशी उचंबळतेय.

ती तासाभरात डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली होती. नंतरचे दोन महिने तिनं त्या तीन वर्षांतली प्रत्येक रात्र पुन्हा वाचली. एक्केचाळीस माणसांना परत बोलावलं गेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "चूक तुमची. पकडलीतही तुम्हीच. आता घरी जाऊन झोपा."

त्या तीन वर्षांतल्या अकराशे रात्री आणखी एका माणसाकडं होत्या. तिच्या दिराकडं.

"ह्या पट्टीचा खोका आहे का?" तिनं विचारलं.

बायकोनं पिशवीतून काढून दिला. आत घडीचा कागद होता, त्यावर दिराचा फोटो. दाढी कोरलेली, हात छातीशी बांधलेले. खाली लिहिलं होतं: *सहसंस्थापक आणि मुख्य झोपशास्त्रज्ञ. झोपविज्ञान आणि आरोग्य तंत्रज्ञानाची बारा वर्षांची पार्श्वभूमी. निद्रा प्रयोगशाळेत अकराशे रात्री स्वतः डोळ्यांखालून घातल्या.*

तिनं ते दोनदा वाचलं. मग कागदाच्या कोऱ्या कडेवर आपला मोबाईल नंबर लिहून तेवढा तुकडा फाडला आणि बायकोच्या हातात दिला. हेही नियमात बसत नव्हतं.

"काही झालं तर मला फोन करा. आणि उद्या गाडी घेऊ देऊ नका ह्यांना."

"म्हणजे थांबतो," बायको म्हणाली.

"मी काही म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंत. कळलं मला."

*

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा दीर तेरा वर्षांचा होता. आई नाही, बाप कामावर, भाऊ कामावर. त्याचा डबा तिनं भरला, त्याची दहावी तिनं काढली, त्याच्या पहिल्या मुलाखतीचा शर्ट तिनं उसवून बेतशीर केला. घरात सगळे त्याला नावानं हाक मारत, ती नुसतं 'अरे' म्हणायची आणि त्याला ते कळायचं. पुढं तो संगणकाचं काहीतरी मोठं शिकायला लागला आणि एक दिवस स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाला, "वहिनी, मला खुणा केलेल्या रात्री दे ना. मशीनला वाचायला शिकवायचंय." तिनं लॅबमधून नक्कल आणली. नावं खोडली होती, पण कुणाला विचारलं नव्हतं. घरच्यासाठी माणूस विचारतो थोडंच.

चूक सापडली तेव्हा तिनं दुरुस्त केलेल्या रात्री त्याला नेऊन दिल्या आणि बजावलं, "जुन्या पुसून टाक. एकही ठेवू नको." तो ताटावर होता. "हो वहिनी, पुसल्याच समज," म्हणाला आणि आणखी भात मागितला.

कंपनी निघाली तेव्हा त्यानं घरी सांगितलं, "तुझ्या त्या जुन्या खुणांचा आता काही संबंध नाही, सगळं नव्यानं केलंय." तिला बरंच वाटलं होतं. पेढ्यांचा खोका तिनं लॅबमध्ये वाटला होता. स्वतःच्या हातानं.

*

कंपनीच्या कचेरीत खाली काच, वर काच, मध्ये माणसं. एका खोलीत दुपारी डुलकी घ्यायला चार पलंग ठेवले होते आणि चारही पलंगांवर लॅपटॉपच्या बॅगा झोपल्या होत्या. झोपेची कंपनी होती, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं नसलेला एक माणूस दिसेल तर शपथ.

"अगं वहिनी!" दीर उठून आला. "कळवायचं ना, गाडी पाठवली असती."

"गाडी थांबवायलाच आलेय."

"म्हणजे?"

"जुन्या खुणा पुसल्या म्हणाला होतास."

"कुठल्या खुणा?"

"माझ्या. उताण्या माणसांच्या."

त्यानं केबिनचं दार लावलं. काचेचं दार लावून काय झाकतं, पण लावलं.

"कोणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? काल माझ्या लॅबमध्ये तुझी पट्टी लावून एक टँकरवाला झोपला होता. एकोणपन्नास वेळा श्वास थांबला त्याचा. तुझ्या पट्टीनं एकोणपन्नास वेळा लिहिलं, सुटली होती. शब्दसुद्धा बदलला नाहीस रे. निदान शब्द तरी स्वतःचा घालायचास."

तो खुर्चीत बसला. पेपरवेट उचलला, ठेवला. लहानपणी खोडी पकडली की असाच हाताला काहीतरी लागायचं त्याच्या.

"वहिनी, ऐक. नव्या खुणांवर मशीन एक्याऐंशी टक्के जुळत होतं. जुन्यांवर चौऱ्याण्णव. एक्याऐंशी घेऊन गेलो असतो तर कोणी दारात उभं केलं नसतं."

"जुन्यांवर जुळणारच. चूक केली ती इमानानं, न चुकता, तीन वर्षं एकसारखी. मशीनला पाठ करायला सोपी गेली."

"मला वाटलं, पुढं दुरुस्त करू. एकदा उभं राहिलं की."

"राहिलं की उभं. माणसं आडवी व्हायला लागली." तिनं घडीचा कागद टेबलावर ठेवला. "आणि हे काय?"

त्यानं कागदाकडं न बघताच ओळखला. "ते लिहिणारी माणसं वेगळी असतात. ती फुगवून लिहितात."

"अकराशे रात्री डोळ्यांखालून घातल्या. कुणाच्या डोळ्यांखालून? तू आमच्या लॅबमध्ये आयुष्यात चार रात्री आलास. नवं मशीन तपासायचं होतं म्हणून मीच निजवलं होतं तुला. चारही रात्री घोरत पडला होतास. ह्याला पार्श्वभूमी म्हणत असतील, तर आमचा तो पलंग तुझ्यापेक्षा मोठा शास्त्रज्ञ आहे. सोळा वर्षं आहे तिथं."

तो हसला. घरी असं बोलली की दोघं हसायचे, त्या सवयीनं हसला. ती हसत नाही हे लक्षात यायला त्याला वेळ लागला.

"तुझं नाव घालू का? घालतो. पुढच्या छपाईत. विशेष आभार म्हणून."

"नाव नको. पट्ट्या थांबव."

"अकरा हजार पट्ट्या आहेत बाहेर. अशा थांबत नाहीत. कारण द्यावं लागतं. सरकारी माणूस विचारतो, चूक कुठून आली, कुणी केली." त्यानं आवाज खाली आणला. "आणि मग तो हेही विचारेल की लॅबमधल्या रात्री लॅबच्या बाहेर कशा आल्या. मला काय, मी दुसरं काहीतरी करीन. मला काळजी तुझी वाटते, वहिनी. अजून दहा वर्षं आहेत तुझ्या नोकरीची."

 त्याच्या तोंडावर खरोखरच काळजी होती. त्याचं हेच वाईट होतं, की तो कधी खोटं तोंड करत नसे.

पर्समध्ये फोन वाजला. टँकरवाल्याची बायको.

"ताई, ह्यांना आजच बोलावलंय. चार वाजता गाडी काढा म्हणाले, आजचा माणूस आजारी पडलाय. मी म्हटलं तपासणी चाललीय, तर साहेब म्हणतो, पट्टीवर एक्याण्णव आहेत, तुम्ही कशाला घाबरता. मी काय करू? टायरची हवा सोडू का?"

"किती वाजलेत?"

"दोन."

"थोडं थांबा. मी बघते."

तिनं फोन ठेवला तेव्हा दारात दुसरी मालकीण उभी होती. दिराची भागीदार. वय तिशीच्या आसपास, पायांत साध्या चपला, हातात कॉफीचा रिकामा कप. काचेतून सगळं ऐकू येत नसेल, पण सगळं दिसत होतं.

"काय झालंय?" तिनं विचारलं.

दीर बोलायच्या आत वहिनीच बोलली. थोडक्यात बोलली. नळी, सपाट रेघ, उताणी माणसं, एकोणपन्नास वेळा, चार वाजता निघणारा टँकर. भागीदारानं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. भिंतीवरच्या पडद्यावर कुठल्या तरी गिऱ्हाईकांच्या रात्री उघडल्या, पाच-सहा पाहिल्या, पुन्हा पाच-सहा पाहिल्या. कप टेबलावर ठेवायला गेली तो कडेला लागून कलंडला. तिनं उचलला नाही.

"उताणे झाले की सगळे सुटतात," ती म्हणाली. मग दिराकडं वळली. "ह्या खुणा तू केल्या होत्यास. अकराशे रात्री. मला तू तसं सांगितलं होतंस, आपण सगळ्यांना तसं सांगितलंय."

दीर लगेच उठला. 

"मी नाही," दीर म्हणाला. "ह्यांनी केल्या. माझ्या वहिनींनी. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळ्या त्यांच्याच आहेत. मी नुसत्या घेतल्या. माझा त्यात काडीचा वाटा नाही."

त्यानं हे स्वच्छ सांगितलं, न अडखळता, तिच्याकडं हात करून. एखाद्या समारंभात पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं.

लग्नांमधून, बारशांमधून, कंपनीच्या त्या दोन मेजवान्यांमधून ती मागच्या रांगेत बसलेली असायची. 'ह्याच्या मागं माझी वहिनी आहे' एवढं एक वाक्य तो कधीतरी म्हणेल म्हणून हातातली बशी खाली ठेवून कान देऊन ऐकायची. आज त्यानं ते म्हटलं. हवं होतं त्यापेक्षा जास्तच म्हटलं. तिनं पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"मी ह्याला दुरुस्त केलेल्या दिल्या होत्या," ती भागीदाराला म्हणाली. "सात वर्षांपूर्वी. जुन्या पुसायला सांगितलं होतं."

"लिहून दिलं होतं?"

"जेवायला वाढताना सांगितलं होतं."

भागीदारानं मान हलवली. हो म्हणूनही नाही, नाही म्हणूनही नाही. मग बाहेर जाऊन कुणाशी तरी बोलली आणि पाऊण तासानं एक छापील पान घेऊन आली. त्या पाऊण तासात दिरानं पाणी आणलं, तिनं प्यायलं नाही. दिरानं विचारलं, दादाला माहीत आहे का तू इथं आल्याचं, तिनं पाण्याचा पेला बाजूला सारला. तीन वाजत आले होते.

पानावर तिचं पूर्ण नाव चार वेळा होतं. वडिलांकडचं नव्हे, नवऱ्याचं नाव मध्ये घालून, आडनावासकट, एकही अक्षर न चुकता. *सदर खुणा बाहेरील टेक्निशियनने केल्या. त्या बरोबर आहेत अशा समजुतीने कंपनीने स्वीकारल्या. खुणांमधील दोषाची कंपनीस कल्पना नव्हती.* घडीच्या कागदात ती कुठं नव्हती. ह्या कागदात तो कुठं नव्हता.

"ह्यात एक ओळ घाला," ती म्हणाली. "दुरुस्त खुणा दिल्या होत्या, ही."

भागीदार तिच्या समोरच्या खुर्चीत बसली. "ती ओळ घातली की चूक आमच्या घरातली होते. मग वकील बसतात, समिती बसते. तीन आठवडे धरा. चूक बाहेरच्या माणसाची असेल तर मी आत्ता, इथं बसल्या बसल्या, सगळ्या पट्ट्या बंद करायचा निरोप पाठवू शकते. ट्रान्सपोर्टवाल्यांनाही." तिनं पान टेबलावर सरकवलं. "हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. असं आहे, एवढंच म्हणते."

निदान भागीदाराचे डोळे खाली गेले. दिराचे गेले नाहीत.

"वहिनी, कर सही," तो म्हणाला. "लॅबचं मी बघून घेईन. आणि तसं बघितलं तर खोटं काय आहे त्यात? खुणा तुझ्याच आहेत ना?"

खोटं काहीच नव्हतं. ओळ न् ओळ खरी होती, फक्त शेवटच्या दोन सोडून, आणि त्या दोन तिच्याविषयी नव्हत्या. हा कागद लॅबमध्ये पोचला की सोमवारी डॉक्टर तिला समोर बसवणार आणि ह्या खेपेला घरी जाऊन झोपा म्हणणार नाहीत. कायमचं जा म्हणतील. तिनं घड्याळाकडं पाहिलं. तीन वाजून आठ मिनिटं. कुठल्या तरी आवारात टँकरमध्ये पेट्रोल भरणं चाललं असेल. तो माणूस जेवून थोडा वेळ आडवा झाला असेल, आणि आडवा झाला म्हणजे उताणाच झाला असेल.

तिनं कागद स्वतःकडं ओढला.

"भाऊजी, पेन द्या."

तो खिशाकडं जाता जाता थांबला. एकवीस वर्षांत तिनं त्याला कधी भाऊजी म्हटलं नव्हतं.

"वहिनी, असं काय बोलतेस..."

"तुमच्याकडं पेन आहे का, भाऊजी?"

त्यानं दिलं. तिनं सही केली, तारीख घातली, सहीखाली दोन रेघा ओढल्या. ओढायची सवय होती, रात्र संपली की शेवटच्या पानावर ओढायची तशी.

"निरोप जाईपर्यंत मी उठणार नाही," ती भागीदाराला म्हणाली.

भागीदारानं लॅपटॉप उघडला. कुणाला तरी फोन लावून एक वाक्य वाचून दाखवलं, एक शब्द बदलला, पुन्हा वाचलं. दीर खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याची पाठ तिला ओळखीची होती, नापास झाला तेव्हाही तो असाच उभा राहिला होता आणि तेव्हा तिनं जाऊन खांद्यावर हात ठेवला होता. आज ती बसून राहिली. तीन वाजून एकवीस मिनिटांनी भागीदार म्हणाली, "गेला."

ती उठली. पेन टेबलावर ठेवलं. तिच्या मागं दीर दारापर्यंत आला, "खाली गाडी सांगतो," म्हणाला. ती जिन्यानं उतरली.

बाहेर ऊन होतं. डॉक्टरांना कागद मिळण्याआधी आपण स्वतः फोन करायचा, हे तिनं जिन्यातच ठरवलं होतं. चौकापर्यंत जाऊन, जरा शांत जागा बघून. ती शब्द जुळवत चालली होती. रस्ता ओलांडायला थांबली तेव्हा हातातला फोन वाजला.

"ताई, बघितलंत का?" टँकरवाल्याची बायको धापा टाकत बोलत होती. "पट्टीवाल्यांचा निरोप आलाय. वापरू नका म्हणे, गुण खरे धरू नका म्हणे. साहेबांनी सगळ्या गाड्या थांबवल्या. अकरा जणांना उतरवलं. मी म्हणत नव्हते? दोन वर्षं घसा कोरडा करतेय, एक जण ऐकेल तर शपथ!"

"तुम्ही बरोबर होतात."

"आणि कळलं का, कसं झालं ते? त्यातच लिहिलंय. कुणीतरी बाई होती म्हणे, बाहेरची. तिनं मुळातच सगळं उलटंसुलटं लिहून ठेवलं होतं आणि ह्या बिचाऱ्यांनी विश्वासानं घेतलं. झोपा काढत असेल मेली कामावर."

सिग्नल हिरवा झाला. बाजूची माणसं रस्ता ओलांडून गेली. सिग्नल पुन्हा लाल झाला.

"ते कुठं आहेत आता?" तिनं विचारलं.

"इथंच. तोंड फुगवून बसलेत."

"बसू द्या. आज कुशीवर झोपवा त्यांना. पाठीमागं दोन उशा लावा, म्हणजे वळता येणार नाही. सोमवारी डॉक्टर आले की दहाच्या आत या, थांबू नका."

"येतो. तुम्ही असाल ना?"

"डॉक्टर असतील."

"बरं. पण ताई, त्या बाईला कुणी काही करणार की नाही? का सुटली ती तशीच?"

"करतील," ती म्हणाली. "उशा जरा जाड घ्या."